तळ्याभोवती सासूबाईंसह

५ फेब्रुवारी

आज एका गिऱ्हाइकाच्या मागे पळालो. चोर नव्हता बिचारा. चूक माझीच. दुरुस्तीचे दोन चष्मे एकसारख्या डब्यांत ठेवले होते. ज्याला लांबचं दिसत नाही त्याचा चष्मा, ज्याला जवळचं दिसत नाही त्याला दिला. तो घालून गेलाही! समोर चौक, चौकात बस. मी काउंटरवरून उडी मारली — म्हणजे काउंटरला वळसा घालून बाहेर आलो — आणि "ओ साहेब, ओ साहेब" करत सुटलो.

बेकरीपर्यंत पोचलो. बेकरी म्हणजे आमच्या रांगेतलंच दुकान, लांब नाही! तिथे छातीत लोहाराचा भाता सुरू झाला, डोळ्यांपुढे काजवे. बेकरीवाल्या बाईंनी खुर्ची आणली. गिऱ्हाईक आपणहून मागे फिरलं. सत्तरीचं. त्यानेच मला पाणी पाजलं, वर्तमानपत्राने वारा घातला. म्हणाला, "मला वाटलं, आज धुकं पडलंय."

येईल त्याला बेकरीवाल्या बाई सांगत होत्या — "चष्मेवाले आहेत. पळाले."

नुसतं "पळाले". जसं काही उधारी बुडवून!

६ फेब्रुवारी

डॉक्टरांकडे गेलो. त्यांचा चष्मा माझ्याकडचा. मला त्यांचा नंबर माहीत, त्यांना माझी साखर. त्यामुळे दोघंही एकमेकांशी जपून बोलतो.

"पळत जा," म्हणाले.

"पळवत नाही."

"मग चाला."

"कंटाळा येतो."

"मग एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, परत एक मिनिट पळा. दम लागायच्या आत चालायला लागायचं, कंटाळा यायच्या आत पळायला." हे सांगताना स्वतः खुर्चीवरून हलले नाहीत. कोपऱ्यातला रिपोर्टसुद्धा कंपाउंडरला आणायला लावला. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

७ फेब्रुवारी

बूट घेतले. दुकानदाराने मला पळायच्या यंत्राच्या पट्ट्यावर पळवलं आणि गंभीरपणे म्हणाला, "तुमचे पाय आत पडतात." पन्नास वर्षं पडताहेत, आजवर कोणी बोललं नव्हतं! माझ्या मापात एकच रंग होता. भगभगीत नारिंगी.

घरी आल्यावर बायको बराच वेळ बुटांकडे बघत राहिली. "रात्री चार्ज करावे लागतात का?"

सासूबाई आपल्या खोलीच्या दारातून बघत होत्या. आपल्या खोलीच्या म्हणजे माझ्या खोलीच्या. सासरे गेल्यापासून एकट्याच राहायच्या. पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, तेव्हापासून त्या आमच्याकडे आहेत. माझं टेबल, रेडिओ आणि मी बाहेरच्या खोलीत आलो. तक्रार नाही. पण त्या खोलीबाहेर पडतच नाहीत. वॉकर पलंगाशेजारी उभा असतो, त्याच्यावर टॉवेल वाळत. व्यायामवाली मुलगी येते. तिला रोज एकच उत्तर — "उद्या."

आणि आमचं दोघांचं बोलणं? लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांचं "जेवलात?" आणि माझं "हो". मी बाहेर पडताना "निघालात?" आणि "हो". एवढ्या भांडवलावर नातं उत्तम चाललंय.

८ फेब्रुवारी

एक मिनिट एवढं लांब असतं हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

१० फेब्रुवारी

फोनमध्ये एक ॲप घेतलंय. त्यात बाई बोलते. "तयार राहा... आता पळा!" आणि मग "छान! आता चाला." हे "छान" ती प्रत्येकाला म्हणत असणार, तरी बरं वाटतं. घरात इतकं छान मला कोणी म्हटल्याचं आठवत नाही.

जागा — आमच्या घरामागचं तळं. भोवती मातीची वाट, बाकं, झाडं आणि बदकं. बदकांचा एक म्होरक्या आहे. मी त्याला मुकादम म्हणतो. सगळ्यांवर लक्ष ठेवतो, स्वतः काही करत नाही. आज माझं चालायचं मिनिट सुरू होतं आणि मुकादम मान खाली घालून माझ्या नारिंगी बुटांकडे निघाला. मी वेग वाढवला. त्यानेही. मग काय, पळता भुई थोडी!

ॲपमधली बाई सारखी सांगत होती — "चाला. शांतपणे चाला."

आणि मला ओलांडून कोण गेलं? बाबागाडी ढकलणारी बाई. फोनवर बोलत. बाळानेसुद्धा मागे वळून बघितलं.

१२ फेब्रुवारी

आज जे झालं ते लिहू की नको!

डोळे तपासायची खोली अंधारी. खुर्चीत एक बाई, पहिल्यांदाच आलेल्या. नाकावर तपासणीची जड फ्रेम, समोर अक्षरांचा तक्ता. मी काच बदलून हळू आवाजात विचारतोय, "आता स्पष्ट, की आधी स्पष्ट होतं?" बाई विचारात. तेवढ्यात माझ्या खिशातून —

"तयार राहा... आता पळा!"

बाई पळाल्या. फ्रेमसकट! त्या फ्रेममधून जवळचं काहीच दिसत नाही, त्यामुळे गॉगलच्या स्टँडला धडकल्या, स्टँडला "सॉरी सॉरी" म्हणाल्या आणि थेट रस्त्यावर. मी मागे. रस्त्यात त्यांना गाठलं. "आग कुठे लागलीय?" त्यांनी विचारलं.

आणि खिशातून, त्याच गोड आवाजात — "छान! आता चाला."

बेकरीवाल्या बाई दारात उभ्या होत्याच. "परत पळाले," त्या कोणाला तरी म्हणाल्या.

ॲप काढून टाकलं.

१४ फेब्रुवारी

मेहुण्याचा फोन. बायकोने स्पीकरवर ठेवला, म्हणजे सगळ्यांना ऐकू यावा. त्याचं म्हणणं, आईचं घर आता विकून टाकू. तिसरा मजला, लिफ्ट नाही. "आईला काय ते जिने जमणार? उगाच बंद घर कशाला ठेवायचं? मार्चअखेर मी येतो, एक माणूस घर बघायलाही येणार आहे. आईची तुमच्याकडे सोय छान आहेच."

बायको म्हणाली, "आईला विचार ना."

"आईला काय विचारायचं? दिसतंय की!"

सासूबाई तिथेच होत्या, आपल्या खोलीच्या दारात खुर्चीवर. मांडीवरच्या टॉवेलची घडी घालत होत्या. घातली, मोडली, परत घातली. बायको डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली. ती दिवसभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते, एकदाही हात थरथरत नाही. आईच्या बाबतीत मात्र लगेच डोळ्यांत पाणी.

मी रेडिओ लावायला उठलो तर सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही सकाळी जाता ते कुठे?"

मी इतका दचकलो की सवयीने "हो" म्हणालो.

१५ फेब्रुवारी

बायको भल्या सकाळी कामावर जाते. ती गेल्यावर सासूबाई खोलीच्या दारात उभ्या. साडी नीटनेटकी, वॉकर हातात, टॉवेल नाही. "चला," म्हणाल्या.

तळं मागेच असूनही गाडीतून नेलं. गाडीतून बाकापर्यंत जायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मुकादम दोनदा येऊन पाहणी करून गेला. बाकावर टेकल्या तेव्हा चेहरा पांढराफटक. मला वाटलं, बास, आता घरी. पण म्हणाल्या, "तुम्ही पळा. मी वेळ बघते."

"घड्याळ देऊ?"

"कशाला?"

सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. हे मला माहीत होतं, पण फोटोत माहीत असावं तसं. मी बाकासमोर येरझाऱ्या घालत पळायला लागलो. जीव कासावीस झाला, आता थांबावं म्हटलं, तेवढ्यात बाकावरून आवाज आला. घरातला नव्हे. खणखणीत, सरकारी, ट्रंक कॉलची मिनिटं भरली की लाइनवर येणारा आवाज —

"वेळ संपली. वाढवायची का?"

तळ्यावरची सगळी माणसं थबकली. लांब कोणीतरी खिशातला फोन काढून बघितला.

"नको!" मी ओरडलो.

"कट करते," त्या म्हणाल्या. आणि वॉकर पुढे घेऊन उठल्या. "आता तुमचं चालायचं ना? मग माझंही."

असा करार झाला. मी पळेन तेव्हा त्या बसणार. मी चालेन तेव्हा त्या चालणार. पुढच्या बाकापर्यंत. तिथे त्या बसल्या की मी पळणार.

परतताना गाडीत म्हणाल्या, "घरी बोलू नका. ती घाबरेल." मग काचेबाहेर बघत, "मला माझ्या जिन्यावरून माझ्या घरी जायचंय."

मी "हो" म्हणालो. पण या वेळी विचार करून.

१९ फेब्रुवारी

पाऊस. सासूबाई खिडकीतून बघून म्हणाल्या, "लाइन खराब आहे." दिवसभर दोघंही चिडचिडे.

२३ फेब्रुवारी

आता दोन मिनिटं पळतो! घरी येऊन आरशात बघितलं. काही फरक नाही. बाजूने बघितलं. अजिबात नाही.

सासूबाईंचं चालणं माझ्यापेक्षा वेगाने सुधारतंय. एका बाकावरून दुसऱ्या बाकावर जाताना गप्पाही मारतात! एक्स्चेंजमधल्या. एकदा दोन माणसांची लाइन चुकून जुळली. दोघंही अनोळखी, तरी पूर्ण वेळ भांडले आणि शेवटी "वाढवा" म्हणाले. मी इतका हसलो की पळायची पाळी आली तेव्हा पोटात दुखत होतं.

"हसताना दम लागतो तो धरायचा नाही," म्हणाल्या.

१ मार्च

फसवणूक! राजरोस फसवणूक!

आज मनगटाला घड्याळ होतं. तीन मिनिटं पळायची होती. पळालो. मरणाचं पळालो. "वाढवायची का?" आलं तेव्हा घड्याळात बघितलं तर चार मिनिटांच्या पुढे काटा.

"आई, हे काय? चार झाली!"

"हो का?"

"रोज असंच?"

बदकांकडे बघत राहिल्या. "महत्त्वाचा कॉल असला की आम्ही थोडं दुर्लक्ष करायचो."

महत्त्वाचा कॉल! मी! रागवावं की काय करावं कळेना. मग "वाढवा" म्हणून आणखी एक फेरी मारली.

५ मार्च

जिन्याचा सराव सुरू. आम्ही तळमजल्यावर राहतो, त्यामुळे दुसऱ्यांचे जिने वापरावे लागतात. आज पहिल्या मजल्यापर्यंत. एक हात कठड्यावर, एक माझ्या खांद्यावर. व्यायामवाल्या मुलीला विश्वासात घेतलंय. तिने शिकवलं — चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. सासूबाई पाठ केल्यासारखं पुटपुटतात.

पहिल्या मजल्यावरच्यांनी दार उघडलं. सासूबाई पायरीवर बसलेल्या, मी भिंतीला टेकून धापा टाकतोय, पायात नारिंगी बूट.

"कोण हवंय?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही," सासूबाई म्हणाल्या. "राँग नंबर."

११ मार्च

बायकोला माझा अभिमान वाटतोय. लॅबमध्ये सांगते म्हणे, "आमचे हे पळतात." काल रात्री मला जास्तीचं सूप वाढलं. आईकडे बघून म्हणाली, "आई, तुझ्याही गालावर रंग आलाय हल्ली. झोप लागते वाटतं." सासूबाईंनी सुपात तोंड घातलं. मला ठसका लागला.

१६ मार्च

आजचं लिहायला बसलोय. हसून की भिऊन, ठरवलं नाही.

संध्याकाळी बायको घरी आली ती पर्ससकट खुर्चीत बसली. एकदम शांत. ही शांत झाली की समजावं, पुढे वादळ.

"रक्त द्यायला एक बाई आल्या होत्या आज. बाबागाडी घेऊन. माझं आडनाव वाचून म्हणाल्या, तुमचे मिस्टर रोज तळ्यावर दिसतात."

"हो. पळतो ना मी."

"एका बाईबरोबर दिसतात, म्हणाल्या. रोज. खांद्याला खांदा लावून चालतात. बाकावर बसून हसतात. खूप हसतात, म्हणाल्या."

मी रेडिओकडे हात नेला. बंद केला.

"कोण आहे ती?"

"अगं —"

"कोण आहे?"

"तुझी आई."

माझ्या इतक्या वर्षांच्या संसारात एवढी खरी गोष्ट इतकी खोटी कधी वाटली नसेल. "थट्टा करू नकोस," ती म्हणाली आणि रडायला लागली. तेवढ्यात आतून वॉकरची टक् टक्. सासूबाई दारात. पायात बूट, बुटांना सकाळचा तळ्याकाठचा चिखल.

"मीच ती," त्या म्हणाल्या.

हसू येईल असं वाटलं होतं मला. नाही आलं. बायको भडकलीच. माझ्यावर, आईवर, व्यायामवालीवर, तळ्यावर. "ती परत पडली असती तर? तुला कळतं का काही? ती पडली त्या दिवशी माझा फोन वाजत होता. मी नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते, म्हटलं नंतर बघू. कितीदा वाजला! रोज झोपताना मला तो वाजलेला ऐकू येतो." मला हे ठाऊकच नव्हतं. एका छपराखाली राहतो आम्ही.

सासूबाई तिच्याजवळ बसल्या. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "मी पडले होते गं. मेले नव्हते."

मी चहा केला. साखर घालायला विसरलो. तिघंही तसाच प्यायलो.

१७ मार्च

पळणं बंद. हुकूम.

१८ मार्च

बंद. मुकादमाचं काय चाललं असेल?

१९ मार्च

पहाटे बायकोने मला हलवून उठवलं. कामावर जायचे कपडे नव्हते अंगावर. सुट्टी टाकली होती. "चला, मला बघायचंय काय करता ते."

तिघं तळ्यावर गेलो. बायको सुरुवातीला आईच्या मागे दोन्ही हात पसरून चालत होती, जशी काही आई आत्ताच पाऊल टाकायला शिकलीय. सासूबाई दोन बाकं चालल्या. वॉकर न टेकवता, नुसता धरून. मग बायकोला म्हणाल्या, "आता तू पळ त्यांच्याबरोबर."

"मी?"

"मी वेळ बघते."

बायको पळाली. चपला हातात घेऊन! झाडापर्यंत गेली आणि पोटाला हात लावून वाकली. "अजून... किती?" मी तिला ॲपमधल्या बाईसारखं म्हणालो, "छान! आता चाला." तिने चप्पल फेकून मारली. ती मुकादमाला लागता लागता राहिली, आणि मग आम्ही दोघंही पळालो.

बाबागाडीवाली समोरून आली. बायकोला ओळखलं, सासूबाईंना बघितलं, मला बघितलं. तिचा चेहरा! बायको तिला म्हणाली, "ती बाई हीच. माझी आई."

घरी येताना बायकोने हळूच विचारलं, "आई तुझ्याशी एवढं काय बोलते रे? माझ्याशी नाही बोलत."

"तू पळत नाहीस," मी म्हटलं.

२६ मार्च

व्यायामवालीने आज काठी आणली. वॉकर घेऊन गेली. त्याच्यावर टॉवेल वाळत घालायची सवय झाली होती. आता दोरी बांधावी लागेल.

३० मार्च

आज तो दिवस. सविस्तर लिहितो.

गाडीने सासूबाईंच्या गावी गेलो. मेहुणा आधीच खाली उभा होता. घर बघायला येणारे गृहस्थही होते, हातात मोजपट्टी. मेहुण्याने आईला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "आई, तू गाडीतच बस. आम्ही वर जाऊन येतो."

"मीही येते," सासूबाई म्हणाल्या. "माझंच घर आहे ना?"

"आई, तीन मजले —"

"मोजता येतात मला."

काठी डाव्या हातात, उजवा कठड्यावर. मी एक पायरी मागे. चांगला पाय आधी, मग दुसरा. मोजपट्टीवाले गृहस्थ आमच्या मागे अडकले. पुढे जाता येईना, बोलता येईना. पहिल्या मजल्यावर बघितलं तर एक खुर्ची ठेवलेली. सासूबाई बसल्या, उठल्या. दुसऱ्या मजल्यावरही खुर्ची. तिथे त्या जरा जास्त वेळ बसल्या. ओठ पांढरे झाले होते. बायकोने माझा दंड इतका घट्ट धरला की अजून वळ आहे. मलाही भीती वाटली. खोटं का लिहू? पहिल्यांदाच वाटलं, की हे मी काय करून बसलो. सासूबाईंना काही झालं तर!

"आई, पुरे आता," मेहुणा खालून म्हणाला. तो कठड्याला लटकून उभा होता. माझ्यापेक्षा तरुण! कपाळावर घाम, तोंड उघडं.

मला काय सुचलं कोणास ठाऊक. जमेल तेवढा सरकारी आवाज काढून मी विचारलं, "वेळ संपली. वाढवायची का?"

जिन्यात माझा आवाज घुमला. मोजपट्टीवाल्यांच्या हातातून मोजपट्टी सुटून एक मजला खाली गेली.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. "वाढवा," म्हणाल्या आणि उठल्या.

तिसऱ्या मजल्यावर पोचल्या. किल्लीला कुलूप पटकन सापडेना, पण दुसऱ्या कोणाला उघडू दिलं नाही. समोरच्या घरातले गृहस्थ बाहेर आले. उंच, पांढरे केस, वाचायचा चष्मा कपाळावर सरकवलेला. दिसताक्षणी ओळखलं, नंबर प्लस तीन. फ्रेम थोडी वाकडी. "आलात?" एवढंच म्हणाले. सासूबाई "आले" म्हणाल्या. खुर्च्या त्यांनीच ठेवल्या होत्या म्हणे. शेजार चांगला आहे. मी त्यांची फ्रेम तिथल्या तिथे सरळ करून दिली.

मेहुणा वर पोचला तो आधी पाणी मागून प्यायला. मग मोजपट्टीवाल्यांना म्हणाला, "सॉरी हं. घर विकायचं नाहीये." ते गृहस्थ काही रागावले नाहीत. म्हणाले, "नाही तरी मला तळमजलाच हवा होता."

सासूबाई तिथेच राहिल्या. कामाला येणाऱ्या बाईंशी बोलणं झालंय, रोज फोन करायचं ठरलंय. निघताना मी वाकलो तर माझ्या पाठीवर थाप मारली. जोरात. "पळत राहा, जावईबापू."

परतताना अर्ध्या रस्त्यात बायको म्हणाली, "तुझी खोली तुला परत मिळाली."

"हो," मी म्हटलं.

२ एप्रिल

टेबल आत नेलं. रेडिओ आत नेला. बसून बघितलं. खोली मोठी वाटते. परत बाहेर येऊन बसलो.

६ एप्रिल

अर्धा तास! न थांबता! न चालता!

एकटाच होतो. कोणी वेळ संपल्याचं सांगत नव्हतं, म्हणून थांबायचं कुठे तेच कळेना. मुकादम थोडा वेळ बरोबर आला, मग त्याने नाद सोडला. शेवटच्या फेरीला पाय शिशाचे, पण श्वास? श्वास आपला आपण येत-जात होता, घरच्यासारखा. बाकाजवळ येऊन मोठ्याने म्हटलं, "कट करा." बाकावर बसलेला माणूस उठून गेला.

सासूबाईंना सांगायला फोन केला. एंगेज. दुपारी केला, एंगेज. संध्याकाळीही एंगेज! एक्स्चेंजमध्ये आयुष्य गेलं, रिसीव्हर नीट ठेवता येत नाही.

बायकोने केक आणला, बेकरीतून. वर क्रीमने एकच शब्द लिहून घेतला होता — "पळाले".

९ एप्रिल

सकाळी सासूबाईंचा फोन. मला, बायकोला नाही.

"जावईबापू, उभे आहात की बसलेले?"

"उभा."

"बसा."

बसलो.

समोरच्या गृहस्थांनी त्यांना विचारलंय. पडायच्या आदल्या आठवड्यातच विचारलं होतं. उत्तर द्यायचं राहिलं होतं, ते द्यायला जिना चढून जायलाच हवं होतं. फोनवर द्यायचं उत्तर नव्हतं ते. त्या हो म्हणाल्या. पुढच्या महिन्यात नोंदणी पद्धतीने लग्न.

"मुलीला तुम्हीच सांगा," म्हणाल्या. "तुम्हाला आता दम लागत नाही." आणि कट केला.

बायको आतून विचारतेय, "कोणाचा फोन होता रे?"